"तोंड आलंय" म्हणून सोडून देऊ नका, लाळेबद्दल पण लिहा

प्रति,
संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीत तोंड येण्यावर घरगुती उपाय आले होते, जाईचा पाला, तूप, ज्येष्ठमध वगैरे. वाईट काहीच नाही त्यात, पण ते वाचून मला राहवलं नाही म्हणून लिहितेय, कारण आमच्या घरात नेमकं याच "तोंड आलंय" ने चार महिने घालवले.

माझ्या सासूबाई, वय 71, शुगर आहे, वरची पूर्ण कवळी आहे. मागच्या पावसाळ्यात त्यांना तिखट सोसेना, मग साधं वरण पण झोंबायला लागलं, जिभेवर आणि गालाच्या आतून पांढरा थर. सगळे म्हणाले उष्णता वाढलीय. बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या झाल्या, गुलकंद झाला, सब्जा झाला, डॉक्टरांनी पण परत बी कॉम्प्लेक्सच दिलं, आणि आई दहीभातावर राहून चार किलोने उतरल्या. शेवटी दातांच्या डॉक्टरांकडे नेलं तर त्या मुलीने (हो मुलगीच, पंचविशीची असेल) गॉजच्या तुकड्याने तो पांढरा थर हलकेच पुसला, तो निघून आला आणि खाली लालभडक. मग कवळी काढायला लावली तर टाळू पण लाल. म्हणाली ही बुरशी आहे. आई घाबरून रडायलाच लागल्या, कारण 2021 मध्ये काळी बुरशी ऐकलेली, जबडा काढतात डोळा काढतात हेच डोक्यात. तिने शांतपणे सांगितलं की ती बुरशी वेगळी, ही कॅन्डिडा, ही बऱ्याच निरोगी माणसांच्या तोंडात पण गपचूप राहत असते. आणि मग तिने जो प्रश्न विचारला तो आम्हाला चार महिन्यात कुणीच विचारला नव्हता. आजी, तोंड कोरडं पडतं का?

पडत होतं. वर्षभर. रात्री उशाशी तांब्या घेऊन झोपायच्या. पायांची जळजळ होते म्हणून झोपताना घ्यायची अमिट्रिप्टिलिनची गोळी चालू होती आणि त्या गोळीने तोंड कोरडं पडतं हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

कोरड्या तोंडाचा आणि बुरशीचा काय संबंध, हे मी नंतर बसून वाचलं आणि खरंच थक्क झाले. मी बीएस्सी केमिस्ट्री आहे, पंचवीस वर्षं झाली त्याला, पण एवढं समजतं. आपल्या लाळेत हिस्टाटिन नावाची छोटी पेप्टाइड असतात, म्हणजे प्रथिनाचे लहान तुकडे. 1988 मध्ये बोस्टनच्या ओपनहाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वेगळी करून त्यांची रचना मांडली. त्यातलं बुरशीवर सगळ्यात जोरदार चालतं ते हिस्टाटिन 5, फक्त 24 अमिनो आम्लांचं, आणि त्यातली 7 हिस्टिडिन, म्हणून तर ते नाव. आपल्या लाळग्रंथी ते सतत तयार करून सोडत असतात, आपण झोपेत असलो तरी, फक्त रात्री लाळच कमी सुटते.

आता हे मारतं कसं ते बघा. असली बरीच पेप्टाइड जंतूच्या कातड्याला भोकं पाडतात. हे मुख्यतः तसं करत नाही. हे आधी बुरशीच्या भिंतीवर चिकटतं आणि मग आत जातं ते बुरशीच्याच दारातून. कॅन्डिडाला पॉलिअमाइन नावाचे पदार्थ बाहेरून आत ओढून घ्यायला वाहक प्रथिनं असतात, तिच्या स्वतःच्या पोटापाण्यासाठीची, आणि हिस्टाटिन 5 त्याच वाहकांवर बसून आत पोचतं. आत गेलं की पेशीतलं पोटॅशियम आणि एटीपी बाहेर गळायला लागतं, एटीपी म्हणजे पेशीचं इंधन, पेशी आकसते आणि मरते. बुरशीची पेशी बरीचशी आपल्याच पेशीसारखी असते, म्हणून बुरशीवरची औषधं बनवणं अवघड, बॅक्टेरियावर किती प्रकारची अँटिबायोटिक्स आहेत आणि बुरशीवर मोजकेच गट. आणि इथे आपल्या थुंकीत असं काहीतरी आहे जे बुरशी मारतं आणि आपल्या गालाला काही करत नाही. उलट 2008 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी दाखवलं की हिस्टाटिन जखम भरायला पण मदत करतात.

लाळेत जंतूंशी लढणारं हे एकटंच नाही, लायसोझाइम आहे, लॅक्टोफेरिन आहे, डिफेन्सिन आहेत, एलएल-37 आहे. पण कॅन्डिडाच्या बाबतीत हिस्टाटिन 5 चा मान मोठा. बाल्टिमोरच्या मेरीलँड विद्यापीठात एचआयव्हीच्या रुग्णांची लाळ तपासली तेव्हा त्यांच्यात हिस्टाटिन 5 कमी आणि कॅन्डिडा जास्त सापडली.

कॅन्डिडा पण मुकाट्याने मार खात नाही. ती स्वतःची एन्झाइम सोडून हिस्टाटिनचे तुकडे करते. म्हणजे तोंडात रोज ही ओढाताण चालूच असते, इकडून लाळ नवीन पाठवतेय, तिकडून बुरशी तोडतेय, आणि जोवर लाळेचा ओघ चालू आहे तोवर आपलं पारडं जड. ओघ आटला की संपलं. आईंच्या टाळूचं कोडं मला इथे उलगडलं, कवळी चोवीस तास तोंडात, ती टाळूला घट्ट चिकटलेली, तिच्याखाली लाळ शिरतच नाही. शुगरमुळे बुरशीला खायला मिळतंय, गोळीने लाळ कमी, आणि वरून कवळीचं झाकण.

उपाय अगदी साधा निघाला. क्लोट्रिमॅझोलचं तोंडात लावायचं औषध दोन आठवडे, रात्री कवळी काढून ब्रशने घासून पाण्यात ठेवायची, शुगर नीट करायची, आणि पायाच्या गोळीबद्दल ज्यांनी दिली त्यांनाच विचारलं, त्यांनी ती बदलली. (वाचून कुणी आपल्या मनाने गोळी बंद करू नका, प्लीज.) आता आई भाकरी खातात.

मला वाटलं होतं हिस्टाटिनचंच औषध मिळत असेल. त्याचा 12 अमिनो आम्लांचा एक तुकडा, पी-113, माउथवॉश म्हणून माणसांवर तपासून झालाय, पण लाळेतल्याच एन्झाइमनी ही पेप्टाइड लवकर तुटतात, ही मोठी अडचण आहे. आणि मेडिकलमध्ये जी कृत्रिम लाळ मिळते ती फक्त ओलावा देते, तिच्यात हिस्टाटिन नसतं. म्हणजे जी आपली आहे तीच सांभाळायची.

म्हणून संपादक साहेब, माझी विनंती. पुरवणीत एकदा पूर्ण पान कोरड्या तोंडावर द्या. अ‍ॅलर्जीच्या, डिप्रेशनच्या, लघवीच्या त्रासाच्या कितीतरी गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, आणि म्हातारी माणसं हे सांगत नाहीत, त्यांना वाटतं वयामुळे होतंय. दम्याचा स्टेरॉइडवाला पंप घेणाऱ्यांना सांगा की पंप घेतल्यावर चूळ भरून टाका, माझ्या भावाला हे पाच वर्षं माहीत नव्हतं. आणि तंबाखू गुटख्याने तोंडाचा कॅन्सर होऊन ज्यांना शेक (रेडिएशन) दिलाय त्यांच्याबद्दल तर नक्की लिहा, आपल्याकडे अशी घरं किती आहेत तुम्हाला माहीत आहे. शेकाने लाळग्रंथीच भाजून निघतात, त्या माणसांची लाळ वर्षानुवर्षं परत येत नाही, आणि त्यांच्या जिभेवर पांढरं दिसलं की घरचे अजून पण बी कॉम्प्लेक्सच आणतात.

आपली,
एक वाचक, सांगली