कॅसलबारहून: यंदाची लीग

कॅसलबार, काउंटी मेयो, आयर्लंड
2 एप्रिल 2025

प्रिय पक्या,
सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज मिळाला. ‘तुमच्या त्या फुटबॉलचं काय झालं?’ एवढंच विचारलंस, पण उत्तर चार ओळींत मावणारं नाही, म्हणून सविस्तर पत्र लिहायला बसलो.

रविवारी डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमवर काउंट्यांच्या गेलिक फुटबॉल लीगची फायनल झाली आणि आमची मेयो हरली. केरी 1-18, मेयो 1-12. आधीचा आकडा गोलांचा, नंतरचा पॉइंटचा; गोलाचे तीन गुण धरले की हिशोब 21-15. केरीचं हे 24वं लीग विजेतेपद. 2022 च्या फायनलला याच केरीने आम्हाला पंधरा गुणांनी लोळवलं होतं. या वेळी तेवढी वाताहत झाली नाही, तरी हरल्याचं दुःख आहेच. पण खरं सांगू? इतका जिवंत सीझन मी इथे आल्यापासून पाहिला नव्हता.

तुला थोडी पार्श्वभूमी देतो. गेलिक फुटबॉलमध्ये पंधरा-पंधरा खेळाडू. चेंडू हातात धरून पळता येतं, पण चार पावलांत तो जमिनीवर आपटायचा नाही तर पायाच्या बोटांनी उडवून परत हातात घ्यायचा. सलग दोनदा आपटता येत नाही. जाळ्यात मारला तर गोल, दांडीच्या वरून दोन खांबांमधून गेला तर एक पॉइंट. लीगमध्ये 32 संघ, आठ-आठचे चार डिव्हिजन. किलकेनी खेळत नाही, त्यांचा जीव हर्लिंगमध्ये, म्हणजे इथल्या काठी-चेंडूच्या खेळात. त्यांच्या जागी लंडनचा संघ आहे. प्रत्येकाला सात सामने, वरचे दोन फायनलला, खालचे दोन एक पायरी खाली.

आता मुद्द्याचं. गेली काही वर्षं हा खेळ बघवत नव्हता. पंधराच्या पंधरा जण आपल्या गोलासमोर भिंत करून उभे राहायचे आणि समोरचे मैदानाच्या मध्यात चेंडू या हातातून त्या हातात, डावीकडून उजवीकडे फिरवत बसायचे. म्हातारी माणसं सामना अर्धा सोडून घरी जाताना मी पाहिलीत, आणि ही माणसं पावसात तीन तास उभी राहणारी! शेवटी हा खेळ चालवणाऱ्या संघटनेने जिम गॅव्हिनच्या हाताखाली समिती नेमली. डब्लिनला सलग पाच ऑल-आयर्लंड चॅम्पियनशिप (लीगनंतरची मुख्य स्पर्धा) जिंकून देणारा हाच तो मॅनेजर. समितीने नियम मुळापासून बदलले आणि लीग ही त्यांची पहिली खरी परीक्षा ठरली.

आता प्रत्येक संघाचे किमान तीन जण सतत समोरच्या अर्ध्या मैदानात हवेत, म्हणजे भिंत बांधायला माणसंच पुरत नाहीत. गोलकीपरची किक 40 मीटरच्या कमानीबाहेर, म्हणजे गोलासमोर मैदानावर आखलेल्या गोलाकार रेषेबाहेर, जायलाच हवी, त्यामुळे मैदानाच्या मध्यात उंच उडी मारून चेंडू झेलणारे गडी परत दिसायला लागले. रेफरीशी फक्त कॅप्टनने बोलायचं; दुसऱ्या कुणी हुज्जत घातली की फ्री किक 50 मीटर पुढे. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच सगळ्यांची तोंडं बंद झाली! आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे त्या 40 मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या पॉइंटला आता दोन गुण.

हे काय प्रकरण आहे ते प्रत्यक्ष बघायला हवं. फेब्रुवारीत इथल्या मॅकहेल पार्क मैदानावर फ्री किक कमानीच्या आत मिळाली. सोपा एक गुण होता. पण गडी चेंडू काखेत मारून उलटा चालायला लागला, थेट कमानीबाहेर. वारा पाठीशी होता. माझ्या शेजारचे आजोबा श्वास रोखून पुटपुटत होते. चेंडू उंच गेला, वाऱ्यावर वळला आणि खांबांच्या मधून पार. गोलामागे पांढरे कोट घालून अंपायर उभे असतात, एका पॉइंटला पांढरा झेंडा दाखवतात. त्या दिवशी नारिंगी झेंडा वर गेला आणि स्टँड नुसता उसळला.

एक सांगतो मात्र, वाऱ्याचं वजन जरा जास्तच झालंय. वारा पाठीशी असेल त्या हाफमध्ये संघ दोन-दोन गुणांनी पळत सुटतो, आणि इथला हिवाळा तुला फोटोतूनही कळणार नाही. लीग सुरू व्हायच्या आदल्याच दिवशी, 24 जानेवारीला, एओविन वादळ आलं. गॉलवेच्या किनाऱ्यावर ताशी 183 किलोमीटरचा झोत नोंदला गेला, लाखो घरांची वीज गेली. मेयोतल्याच बेकनमधला कॉनाक्ट प्रांताचा तो प्रचंड हवेचा घुमट, ज्याच्या आत हिवाळ्यातले सामने व्हायचे, फाटून भुईसपाट झाला. लोक अंधारात, आणि दुसऱ्या संध्याकाळी मेयो डब्लिनशी खेळायला क्रोक पार्कवर! तो सामना हरूनही हे पोरगे फायनलपर्यंत आले, याचं मला फार कौतुक आहे.

डेरीचं मात्र वाईट वाटतं. गेल्या वर्षी डब्लिनला पेनल्टीवर हरवून हेच चॅम्पियन झाले होते. यंदा तळाला. टायरोनबरोबर तेही दुसऱ्या डिव्हिजनला गेले.

आणि पक्या, यातल्या एकाही खेळाडूला पगार नाही. केरीचा डेव्हिड क्लिफर्ड, आजचा सगळ्यात मोठा खेळाडू, पेशाने शिक्षक आहे. सोमवारी शाळा आहेच. जिथला माणूस तिथल्याच काउंटीसाठी खेळतो. आपल्या कोल्हापुरात पेठेतला पोरगा तालमीची जर्सी घालून शाहू स्टेडियमवर उतरतो आणि अख्खी पेठ त्याच्या मागे उभी राहते, तसंच अगदी. म्हणून तर मी इथे पहिल्याच सामन्याला रमलो. कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

हे नियम सध्या फक्त 2025 या वर्षापुरते आहेत, पुढचं मतदानावर ठरेल. माझं मत विचारशील तर कमान राहू दे, समोरच्या अर्ध्यात तीन जण ठेवायचा नियम तर राहायलाच हवा.

फायनल होऊन आठवडा होत नाही तोच या रविवारी चॅम्पियनशिपचा पहिला सामना, इथेच, स्लायगोशी. तिकीट काढलंय. तिकडे आता केएसएचा, म्हणजे आपल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा, सीझन रंगात आला असेल. पाटाकडील आणि दिलबहार तालमींच्या संघांचं काय चाललंय ते नीट लिही, नुसता स्कोअर पाठवू नकोस. काकूंना नमस्कार.

तुझा,
संज्या