ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) काढणाऱ्या ताईंना

ताई,

तुमच्या हातून रोज कितीतरी ईईजी निघतात, आम्ही तुम्हाला आठवणार नाही. आमच्या घरात मात्र तुमचा विषय वरचेवर निघतो.

अपघातात यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. ऑपरेशननंतर फिट येऊ नये म्हणून आठवडाभर औषध दिलं, मग बंद केलं. तो धोका संपला असंच सगळे धरून चालले. पुढे काही महिन्यांनी हे बोलता बोलता गप्प होऊ लागले. नजर एका जागी खिळलेली, हाकेला ओ नाही. मिनिटभराने पुन्हा पहिल्यासारखे. डोक्याला एवढा मार लागल्यावर माणूस थोडा हरवल्यासारखा वागणारच, असं जो तो म्हणायचा.

डोक्याला तारा लावता लावता तुम्ही विचारलंत, "तेव्हा ओठ चाटतात का? बोटांनी बटणं चाचपतात का? नंतर त्यांना काही आठवतं का?" तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. निघताना म्हणालात, "रिपोर्ट नॉर्मल आला तरी गाफील राहू नका. तेवढ्या वेळात मेंदूत काही घडलं नाही, तर कागदावर काही उमटत नाही. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा."

रिपोर्ट खरंच नॉर्मल आला. व्हिडिओ पाहून डॉक्टरांनी निदान केलं: डोक्याच्या दुखापतीनंतरचा अपस्मार, म्हणजे पुन्हा पुन्हा फिट येण्याचा आजार. सुरुवातीचं औषध पहिल्या आठवड्यातल्या फिट रोखतं, पुढचा अपस्मार टाळू शकत नाही, हे तेव्हा कळलं. गंभीर दुखापत असेल तर तो कित्येक वर्षांनीही डोकं वर काढू शकतो. नुसतं टक लावून बघणं हीसुद्धा फिट असते, हे तुम्ही विचारलं नसतंत तर आम्हाला कधी कळलं असतं कोण जाणे.

गोळ्या सुरू झाल्यावरही एकदा मोठी फिट आली. तुम्ही सांगितलेलं सगळं मला पाठ होतं. कुशीवर वळवलं, डोक्याखाली उशी सरकवली, तोंडात काही घालू दिलं नाही, घड्याळ बघत बसले. पाच मिनिटांच्या आत थांबली, नाहीतर लगेच ॲम्ब्युलन्स बोलवायची हे ठरलेलं होतं. आता गोळी चुकत नाही, जागरण होऊ देत नाही. गाडी चालवायला अजून परवानगी नाही, त्याचं यांना फार वाईट वाटतं.

पुन्हा ईईजीला यायचंय. या वेळी आदल्या रात्री कमी झोपून या म्हणालेत. तुम्ही असलात तर हे सगळं समोर बसून सांगेन.

मनापासून आभार, ताई.