भागीदारीचा कागद

पुणे,
रविवार, सकाळ

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर ओढत होतो, म्हणून नुसतं हो-हो करून ठेवून दिला. तुला वाटलं असेल, याला आनंद झाला नाही. झाला रे. इतकी वर्षं बंगळुरात नोकरी केलीस, आता ऑफिसातल्या जोडीदाराबरोबर स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी काढतोयस, चांगलंच आहे. पण फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "आमच्यात कागदबिगद नको, आमचं तसलं नाही." तिथं माझी झोप उडाली. व्हॉट्सॅपवर लिहिलं असतं तर तू अंगठा पाठवून मोकळा झाला असतास, म्हणून हे पत्र.

आमचंही तसलं नव्हतं. 1997 साली कॉम्प्युटरच्या दुकानासाठी नारायण पेठेत दहा बाय बाराचा गाळा भाड्यानं घेतला, पैसे पार्टनरचे आणि हात माझे. (त्याला आता आईखेरीज कुणी नावानं हाक मारत नाही. बायकोसुद्धा पार्टनरच म्हणते.) पहाटेच्या सिंहगडनं दादर, तिथून लोकलनं ग्रँट रोड. दिवसभर लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे मुंबईच्या कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या बाजारात, घासाघीस करायची आणि रात्री मदरबोर्डची खोकी मांडीवर घेऊन परत यायचं. हिशेब एका लांबट वहीत. उचल कुणी किती करायची, याला काही धरबंध नव्हता. गल्ल्यात असेल ते घ्यायचं आणि वहीत मांडायचं, बहुतेक वेळा.

मग सप्टेंबर 1999 उजाडला. पार्टनरनं एका कॉलेजला 30 मशिनचं कोटेशन देऊन टाकलं होतं, भाव बांधून, मला न विचारता. ऑर्डर हातात पडली आणि त्याच सुमारास तैवानमध्ये भूकंप झाला. चिपचे कारखाने बंद पडले, रॅमचे भाव भडकले. लॅमिंग्टन रोडचा व्यापारी सकाळी एक भाव सांगे, दुपारी दुसरा, आणि उधारीचं नाव काढू देईना. कॉलेज म्हणे, ठरला तो ठरला. माल पोचवला, आणि खड्डा पडला 45,000 रुपयांचा. तेव्हा ते आमचं सहा महिन्यांचं गाळाभाडं होतं.

चार दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. एकाच बाकावर पाठीला पाठ लावून बसायचो. मधे आमचा पोऱ्या. "त्यांना विचार, त्या एसएमपीएसचं, पॉवर सप्लायचं, काय झालं." "त्यांना सांग, उडालाय." गिऱ्हाइकं गंमत बघत. पाचव्या दिवशी पार्टनर म्हणाला, "माझ्या भांडवलातून वजा कर." खरं सांगतो, एक रात्र मी ते करणारच होतो. मग वही चाळताना त्याच वर्षीचं वायटूकेचं काम (2000 साल लागताना कॉम्प्युटरमधल्या तारखा चुकू नयेत म्हणून करायची दुरुस्ती) दिसलं. तेही त्यानं मला न विचारता घेतलं होतं आणि त्याचा निम्मा नफा मी मुकाट्यानं खिशात घातला होता. तोटा निम्मा-निम्मा मांडला. दुसऱ्या दिवसापासून कोटेशनच्या तळाशी 'भाव 7 दिवसांपुरता' हा शिक्का आणि 50,000 च्या वरच्या कागदावर दोघांच्या सह्या. त्याच आठवड्यात वकिलाकडे जाऊन भागीदारीचा करार केला आणि फर्मची रीतसर नोंदणीही. नोंदणी नसली तर बुडव्या गिऱ्हाइकावर फर्मच्या नावानं दावासुद्धा लावता येत नाही, हे तिथं कळलं.

तू कागद केला नाहीस म्हणजे कागद नाही असं नाही बरं का. तुझ्या वतीनं सरकारनं 1932 सालच्या भागीदारी कायद्यात तो लिहून ठेवलाय. करारात काही ठरलेलं नसेल तर नफा-तोटा सारखा, भांडवल कुणी कितीही घालो. आणि काम केल्याबद्दल पगार कुणालाच नाही. म्हणजे तू रात्री दोनपर्यंत कोड लिहिणार, तो आठवड्यातून दोनदा गिऱ्हाइकाबरोबर जेवायला जाणार, आणि कायद्याच्या लेखी दोघं सारखेच. भागीदार वारला तर फर्मच मोडते, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर.

शिवाय फर्मच्या कर्जाला प्रत्येक भागीदार एकटाही पुरा जबाबदार. अॅपलचा तिसरा भागीदार रॉनल्ड वेन आठवतो? 1 एप्रिल 1976 ला त्यानं 10 टक्क्यांवर सही केली आणि 12 दिवसांत बाहेर पडला, हिस्सा 800 डॉलरना सोडून. लोक त्याला हसतात. मी नाही हसत. ऑर्डर पुरी करायला माल उधारीवर आणायचा होता, जॉब्स आणि वॉझ्निअॅक या बाकीच्या दोन पोरांकडे जप्त करण्यासारखं काही नव्हतं, याच्याकडे होतं. धनको कुणाच्या दारात येणार हे त्याला बरोबर कळलं. तू एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, करणार असशील तर हे भय बरंच कमी, तिथं घातलेल्या रकमेपुरतीच जबाबदारी. पण बँक कर्ज देताना वैयक्तिक हमी मागतेच, तेव्हा घराचे कागद कुणाचे जाणार हे वहिनींना विचारून ठरव. न विचारता ठरवलंस तर माझ्याकडे राहायला येऊ नकोस.

कंपनीच्या नावात कुणाचं आडनाव आधी यावरून तुमचं अडलंय म्हणालास, त्याची मात्र काळजी नाही. ह्यूलेट आणि पॅकार्डनी ते नाणं उडवून ठरवलं होतं म्हणतात. अडायचं ते कोण काय करणार इथं. आपल्या पुण्यातले काटकर बंधू बघ. रहिमतपूरचं घर. थोरले कैलास दहावीनंतर दुरुस्तीच्या कामाला लागले, धाकट्या संजयना कॉम्प्युटर शिकायला लावलं. दुकानात येणारी मशिनं व्हायरसनं बेजार, म्हणून धाकट्यानं त्यावर प्रोग्रॅम लिहिला, थोरल्यानं तो विकला. त्याचंच पुढं क्विक हील झालं, 2016 मध्ये शेअर बाजारात आलं. एकाच्या कामात दुसऱ्याला हात घालता येत नव्हता, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. तुम्ही दोघंही कोड लिहिणारे. मग विकणार कोण? बिलं वसूल करायला फोन कोण करणार? मला उत्तर देऊ नकोस, त्याला विचार.

आणि पासवर्ड. मागच्या वर्षी पार्टनरची बायपास झाली. आयसीयूच्या बाहेर बसलो असताना एका गिऱ्हाइकाचा सर्व्हर बसला, आणि त्याचा पासवर्ड होता फक्त पार्टनरच्या डोक्यात. ते डोकं भुलीत. मी पार्टनरच्या बायकोकडे त्याची डायरी मागितली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. आता सगळे पासवर्ड पाकिटात बंद करून बँकेच्या लॉकरमध्ये, दर तिमाहीला नवं पाकीट. तुमचं तर सगळं दुकानच हवेत. डोमेन, क्लाउडचं खातं, कोड ठेवलाय ते खातं, यातलं एकही कुणा एकाच्या खासगी मेलवर असू देऊ नकोस. फर्मचं ते फर्मच्या नावावर.

शेवटचं कलम लिहायला जड जाईल, पण पहिलं तेच लिहा. वेगळं व्हायचं झालं तर कसं. हिश्शाची किंमत कोण काढणार, पैसे किती हप्त्यांत, गिऱ्हाइकं कुणाची, कोड कुणाकडे. आता प्रेम आहे तोवर दोघंही उदारपणे लिहाल. आमच्या करारात ते आठवं कलम आहे. दर शनिवारी दुपारी तीनला शटर अर्धं ओढून चहा मागवतो आणि आठवड्याची भांडणं करतो, त्यात 'आठवं काढू का?' हा पार्टनरचा ठरलेला विनोद. अजून काढलेलं नाही.

मसुदा झाला की सही करण्याआधी मला पाठव. दिवाळीत वहीपूजनाला येशीलच, तुझ्या जोडीदारालाही घेऊन ये. पार्टनर म्हणतोय, माणूस बघायचाय. मिसळ खायला नेणार आहे तो त्याला, आणि बिल आल्यावर गप्प बसणार आहे. तूही गप्प बस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
आप्पा