युबा नदीचा दावा

सॅन होजे

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. युबा नदीच्या खोऱ्यातली सोन्याची जुनी गावं पाहून कालच परतलो. फोनवर हे सांगून व्हायचं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

१८४८च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात कोलोमाला सोनं सापडलं आणि पुढच्या वर्षी जगभरातून माणसांचा लोंढा आला. सिएरा नेवाडातून जाणाऱ्या रस्त्याचा ४९ हा नंबर त्या सालावरूनच. तो नदीकाठानं वळत वळत डाउनीव्हिलला पोचतो. दोन नद्यांचा संगम, एका वेळी एकच गाडी जाईल असे पूल, वस्ती जेमतेम तीनशे. पाणी इतकं नितळ की तळातले गोटे दिसतात. विटांच्या जुन्या इमारतींना जाडजूड लोखंडी दारं आहेत, कारण गाव पुन्हा पुन्हा जळायचं. त्यातलं १८५२चं एक चिनी दुकान आता म्युझियम झालंय.

याच गावात ५ जुलै १८५१ला होसेफा नावाच्या मेक्सिकन बाईला पुलावर फाशी दिली. आदल्या रात्री एका खाणकामगारानं तिच्या घराचं दार तोडलं होतं. सकाळी त्यावरून बाचाबाची झाली, तिनं त्याला भोसकलं, आणि जमावानं त्याच दिवशी खटला उरकून तिला संपवलं. पुलावर उभा होतो तेव्हा फार राग आला. सोन्याच्या गोष्टींत तिचंही नाव आलंच पाहिजे.

पण तुला खास सांगायचंय ते मॅलकॉफ डिगिन्स या जुन्या खाणीचं. नदीतलं वरवरचं सोनं संपल्यावर कंपन्यांनी डोंगरच फोडायला घेतले. उंचावरून कालव्यानं पाणी आणायचं, लोखंडी नळांतून उतरवून दाब वाढवायचा आणि तोफेसारख्या तोटीतून कड्यावर मारायचं. कडा ढासळला की खडी-माती लाकडी पन्हळींतून वाहून न्यायची. पन्हळीत पारा टाकलेला असायचा, तो सोनं धरून ठेवायचा. उरलेलं सगळं नदीत. आज तिथं दोनेक किलोमीटर लांब खड्डा आहे. पिवळे, गुलाबी, पांढरे कडे, तळाशी पाइनची झाडं. दिसायला देखणा आहे, आणि नेमकं तेच मला खटकत राहिलं.

खाली मैदानात त्या गाळानं युबाचं पात्र भरून वर आलं. मेरीजव्हिलनं शहराभोवती बांध घातले, तरी १८७५च्या पुरानं ते बुडालं. शेतं, बागा गाळाखाली गेल्या. अखेर वुडरफ नावाचा जमीनमालक मॅलकॉफची खाण चालवणाऱ्या नॉर्थ ब्लूमफील्ड कंपनीविरुद्ध कोर्टात गेला.

तू वाळूउपशाच्या केसेस लढतोस, म्हणून यातला बचाव ऐक. ही तर इथली वहिवाट आहे; आणि इतक्या खाणींतून गाळ येतो, त्यातला आमचा किती हे कोण सांगणार? ओळखीचं वाटतंय ना? न्यायाधीश लॉरेन्झो सॉयर स्वतः १८५०मध्ये सोन्याच्या ओढीनं इथं आलेला. तरी त्यानं हा बचाव फेटाळला आणि ७ जानेवारी १८८४ला कायमचा मनाईहुकूम दिला. खाण चालवू नका असं तो म्हणाला नाही. गाळ नदीत सोडायचा नाही, एवढंच. धंदा तेवढ्यानंच बसला. पारा मात्र गाळात अजून आहे, आणि इथले मासे किती खावेत याच्या सूचना आजही निघतात.

निकालपत्र दोनशेवर पानांचं आहे. पाठवतोय, सवडीनं वाच. लेकीकडे येशील तेव्हा दोन दिवस मोकळे ठेव, आपण मिळून जाऊ. बर्फ वितळल्यावर, जूनच्या सुमारास ये.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश