फेनवेची लाल खुर्ची

बॉस्टन,
१४ जून

प्रिय सुध्यास,
स.न.वि.वि.

परवा फोनवर ऐन वादात "पान वाढलंय" म्हणून पळालास. म्हणून आता पत्रच लिहितोय. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

हेल्मेट न घालता मार्शल-होल्डिंगला तोंड देणाऱ्या गावसकरच्या शेजारी आजकालच्या कुणाचं नावच घ्यायचं नाही, असं तुझं म्हणणं. इथे नातवाशी माझं रोज हेच भांडण चालतं, फक्त उलट्या बाजूने आणि बेसबॉलवरून. त्याचा देव ओतानी. हा जपानी गडी पिचिंगही (म्हणजे आपली बोलिंग) करतो आणि बॅटिंगही. २०२४ मध्ये कोपराच्या ऑपरेशनमुळे पिचिंग बंद होतं, तर त्याने ५४ होमरन (आपले सिक्सरच समज) मारले आणि वर ५९ बेस चोरले. (पिचर चेंडू टाकण्याच्या नादात असताना पुढच्या बेसवर, म्हणजे धावेच्या पुढच्या टप्प्यावर, धूम ठोकायची, ही ती चोरी. इथे ती कौतुकाने मोजतात.) आणि शंभर वर्षांपूर्वीचा होमरनचा बादशहा बेब रुथ, तो नातवाच्या लेखी पोट सुटलेले एक आजोबा. आजच्या पिचरपुढे ते उभेच राहायचे नाहीत म्हणे.

गेल्या शनिवारी जावईबापूंनी आम्हाला फेनवे पार्कला नेलं. रेड सॉक्स या इथल्या बेसबॉल संघाचं मैदान, १९१२ पासूनचं. हिरव्या खुर्च्यांच्या रांगांमध्ये, पार वरच्या अंगाला, एकच खुर्ची लाल आहे. जून १९४६ मध्ये रेड सॉक्सच्याच टेड विल्यम्सने मारलेला होमरन तिथे जाऊन पडला, ५०२ फुटांवर. तिथे बसलेल्या माणसाच्या गवती हॅटला भोक पडलं. नातू म्हणाला, "वाऱ्याने नेला असेल."

मी इतके महिने वाचून जे समजलो ते तुला सांगतो. १९२० पर्यंत एकच चेंडू डावामागून डाव चालायचा. पिचर त्याला थुंकी लावायचे, तंबाखूचा रस चोपडायचे, माती फासायचे. संध्याकाळी तो काळाठिक्कर चेंडू दिसायचाही नाही. १९२० च्या ऑगस्टमध्ये क्लीव्हलँडच्या रे चॅपमनच्या डोक्याला असा एक चेंडू लागला आणि तो गेला. मग पंच चेंडू मळला की बदलू लागले. थुंकीवर त्याच वर्षी बंदी आली होती. आता रुथचा आकडा बघ. १९२० मध्ये त्याचे होमरन ५४ आणि दुसऱ्या नंबरवरच्या जॉर्ज सिस्लरचे १९. २०२२ मध्ये यांकीजच्या ॲरन जजने ६२ मारले तेव्हा त्याच्या लीगमधला पुढचा माणूस ४० वर होता. आकडा मोठा जजचा, पण अंतर कुणाचं मोठं? गड्याला त्याच्या सोबत्यांशी ताडून बघायचं, हा माझा हिशेब. ब्रॅडमनचं ९९.९४ आपण असंच मोजतो ना? (ब्रॅडमन १९३२ मध्ये न्यूयॉर्कला गेला होता आणि यांकी स्टेडियममध्ये रुथच्या शेजारी बसून त्याने मॅच बघितली. काय बोलले असतील दोघे!)

विल्यम्सचंही तसंच. १९४१ च्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी त्याची बॅटिंगची सरासरी (दहा वेळांत चार हिट, म्हणजे चेंडू मारून बेस गाठला, की ०.४००) ०.३९९५५ होती, म्हणजे कागदावर ०.४०० धरली गेली असती. न खेळता घरी बसला असता तरी चाललं असतं, मॅनेजरने तसं विचारलंही. हा त्या दिवशीच्या दोन्ही मॅच खेळला, आठपैकी सहा हिट, सरासरी ०.४०६. त्यानंतर आजतागायत अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगांमध्ये ०.४०० चा आकडा कुणी गाठलेला नाही. आणि ऐन उमेदीची जवळजवळ पाच वर्षं त्याने दोन युद्धांत विमानं चालवण्यात घालवली.

हे सगळं मी नातवाला रुबाबात ऐकवलं. कार्ट्याने एकच प्रश्न केला, "पण आजोबा, तेव्हा काळ्या पिचरना खेळू देत होते का?"

सुध्या, माझा सगळा हिशेब तिथे कोसळला. रुथची अख्खी कारकीर्द आणि विल्यम्सचा तो १९४१ चा हंगाम गोऱ्यांच्याच लीगमधला. सोबत्यांशी ताडायचं, तर अर्धे सोबती कुंपणाबाहेर. जॉश गिब्सनसारखा बॅटर काळ्यांच्या वेगळ्या निग्रो लीगमध्येच खेळत राहिला आणि जानेवारी १९४७ मध्ये ३५ व्या वर्षी गेला. तीनच महिन्यांनी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघाकडून उतरला आणि गोऱ्यांच्या लीगचं दार काळ्यांना उघडलं. त्या लीगचे आकडे मुख्य नोंदीत धरायला २०२४ उजाडलं. तेव्हा कारकिर्दीच्या ०.३७२ सरासरीने गिब्सन तोवर पहिल्या नंबरवर असलेल्या टाय कॉबच्याही वर गेला, आणि नातेवाइकांपलीकडे टाळ्या वाजवायला कोण उरलं होतं? याच फेनवेवर एप्रिल १९४५ मध्ये रॉबिन्सनला चाचणीला बोलावलं होतं. पुढे काहीच कळवलं नाही. रेड सॉक्सचा पहिला काळा खेळाडू उतरला १९५९ मध्ये, सगळ्या संघांच्या शेवटी. ती लाल खुर्ची त्यानंतर मला पहिल्यासारखी दिसेना.

आपल्याकडचे पालवणकर बाळू आठव. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, पण दलित म्हणून हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना कधी दिलं नाही. त्यांना निदान मैदानात तरी येऊ दिलं, असं म्हणायचीही मला लाज वाटते.

विल्यम्सला मात्र मी मानतो. १९६६ मध्ये कूपर्सटाउनला, बेसबॉलच्या थोरांच्या हॉल ऑफ फेममध्ये, त्याचा सत्कार होता. भाषणात त्याने निग्रो लीगचा पिचर सॅचेल पेज आणि गिब्सन यांची नावं घेतली आणि त्यांनाही इथे जागा मिळायला हवी असं सांगितलं. कुणी सांगितलं होतं त्याला? पेज १९७१ ला आत गेला, गिब्सन १९७२ ला. हाच पेज ५९ व्या वर्षी, १९६५ मध्ये, एका मॅचला तीन डाव टाकून गेला. समोर रेड सॉक्स, आणि त्यांना हिट मिळाली फक्त एक.

तर माझा कौल विली मेजला. मेजही सुरुवातीला निग्रो लीगमध्ये खेळला, पण १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या जायंट्सकडे आला तेव्हा दार उघडलेलं होतं. कुफॅक्स, स्पान, बॉब गिब्सन असे गोरे-काळे सगळे पिचर समोर आले आणि तरी ६६० होमरन. जवळजवळ दोन हंगाम लष्करात गेले ते वेगळेच. शिवाय फील्डिंगसाठीची बारा गोल्ड ग्लोव्ह बक्षिसं. १९५४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम लढतीत, बॅटरकडे पाठ करून धावता धावता त्याने खांद्यावरून जो झेल घेतला, तो मी नातवाच्या फोनवर पन्नासदा तरी बघितला असेल.

काल रात्री नातवाला निकाल जाहीर केला. त्याने नीट ऐकून घेतलं, दुधाचा ग्लास संपवला आणि म्हणाला, "पण मेजने पिचिंग केलं होतं का?"

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येतोय. तुझ्यासाठी टोपी घेतलीय, रेड सॉक्सची. न्यूयॉर्कच्या यांकीजची मागू नकोस, त्या वैऱ्यांची टोपी या घरात आणली तर मला बाहेर झोपावं लागेल. वहिनींना नमस्कार, आणि गुडघ्याला तेल लावतोस ना?

तुझा,
नंदू