कुमामोतोत जुने आहेत ते दगड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जपानची सहल करून आलेल्यांचे लेख हल्ली रविवारच्या पुरवण्यांत वरचेवर येतात. क्यूशू बेटावरच्या कुमामोतो किल्ल्याचा फोटो असला, की खाली ‘चारशे वर्षे दिमाखात उभा असलेला सामुराई किल्ला’ ही ओळ ठरलेली. फोटोतला तो काळापांढरा मुख्य मनोरा, म्हणजे तेन्शु, १९६० साली काँक्रीटमध्ये बांधलेला आहे. मूळचा लाकडी तेन्शु १८७७ मध्ये जळाला. फोटोखाली ‘पुनर्बांधणी १९६०’ एवढे छापले तरी पुरे. जुने बघायचे असेल त्याने मनोऱ्याखालच्या तटाकडे बघावे.

हा तट किल्ला बांधणाऱ्या कातो कियोमासा या सरदाराचा. किल्ल्याचे मुख्य बांधकाम १६०१ ते १६०७ मधले. कोरियाच्या स्वारीत उल्सानला वेढा पडला तेव्हा त्याच्या फौजेची अन्नपाण्यावाचून दैना झाली होती. इथे त्याने १२० विहिरी खणवल्या असे सांगतात, ते त्या अनुभवावरूनच. तटाची रचाई कोरडी, सांध्यांत चुना नाही. पायथ्याशी उतार इतका सैल की वाटते, पळत वर जाता येईल. पण वर जाता जाता तट जवळपास उभा होतो आणि चढणारा मध्येच अडकतो. एका ठिकाणी दोन काळांचे कोपरे शेजारी शेजारी दिसतात. सैल उताराचा कियोमासाचा, त्याला मागाहून भिडवलेला उभ्या उताराचा. हा दुसरा कोपरा कातोंनंतर आलेल्या होसोकावा घराण्याचा, असे बरीच वर्षे सांगितले जाई. आता तो कियोमासाचा मुलगा तादाहिरो याच्या काळातला मानतात. त्यात कोपऱ्याचे लांबट चिरे एकाआड एक दोन्ही बाजूंना वळवून बसवले आहेत. ही रचना लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

होसोकावांना सरसकट ‘कुमामोतोचे राजे’ म्हणणेही बरोबर नाही. ते बदलीवर आलेले सरदार होते. १६३२ मध्ये शोगुनने, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाने, तादाहिरोची जहागीर काढून घेतली आणि कोकुराच्या होसोकावा तादातोशीला इथे पाठवले. जहागीर ५,४०,००० कोकूंची. एक कोकू म्हणजे साधारण १५० किलो तांदूळ. एवढ्या मोठ्या सरदारालाही स्वतःच्या किल्ल्याचा ढासळलेला तट परस्पर बांधता येत नसे. कोणता भाग पडला, कुठे फुगला, याचा नकाशा एदोला, म्हणजे शोगुनच्या राजधानीला, पाठवून परवानगी आणावी लागे. (त्या कागदांमुळेच कोणता तट कधी दुरुस्त झाला, हे आज कळते. दरबारी कटकटीचा असा उपयोग क्वचितच होतो.) तादातोशी आला त्याच्या दुसऱ्याच वर्षी भूकंप झाले. वर बालेकिल्ल्यात धक्का बसला तर पळायला मोकळी जागा नाही, म्हणून त्याने राहता मुक्काम खाली हानाबाताकेच्या वाड्यात हलवला. प्रसिद्ध तलवारबाज मियामोतो मुसाशी १६४० मध्ये याच तादातोशीच्या आश्रयाला आला.

घराण्याचा अंमल १८७१ पर्यंत, म्हणजे सुमारे २३९ वर्षे टिकला. गंमत अशी की, हा किल्ला आता निरुपयोगी आहे, पाडू द्या, असा अर्ज १८७० मध्ये याच संस्थानाने केला होता. मंजुरीही मिळाली, पण पाडकाम थांबले आणि पुढे इथे लष्कराची छावणी आली. १८७७ मध्ये सरकारविरुद्ध उठलेल्या साइगो ताकामोरीचे बंडखोर चालून येत असतानाच, १९ फेब्रुवारीला तेन्शु आणि बालेकिल्ल्यातला वाडा जळाला. आग कशी लागली यावर आजही वाद आहे. धान्यही जळाले, तरी आतल्या सुमारे साडेतीन हजार शिबंदीने पन्नासहून अधिक दिवस वेढा सोसला. कियोमासाच्या तटाची खरी परीक्षा त्याच्या मृत्यूनंतर २६६ वर्षांनी झाली ती अशी.

आता २०१६ च्या भूकंपांविषयी. १४ आणि १६ एप्रिलच्या धक्क्यांनी सुमारे ७९,००० चौरस मीटर तटापैकी २३,६०० चौरस मीटर दुरुस्तीला आला. त्यातला ८,२०० चौरस मीटर पार कोसळला. बाहेरचे चिरे भारी असूनही असे का व्हावे? चिऱ्यांच्या पाठीमागे गोट्यांचा जाड भराव असतो. पाण्याचा निचरा त्यातून होतो, म्हणून तो हवाच. जमीन हादरली की गोटे खाली बसतात आणि चिऱ्यांना बाहेर रेटतात. तटाला मधोमध पोट सुटते, पोटातले चिरे निसटतात, की वरचे आपोआप खाली येतात. कोपरे त्यामानाने टिकतात. ईदामारू बुरूज कोपऱ्याच्या एकाच रांगेवर तोलून उभा राहिल्याचा फोटो जगभर गेला. वर सांगितलेल्या एकाआड एक चिऱ्यांची ही करामत. पुढे लोखंडी सांगाड्याचा हात खाली घालून त्याला आधार दिला आणि मग तो बुरूज सावकाश उतरवला.

दुरुस्तीत पडलेला एकेक चिरा वेचून त्यावर नंबर घालतात, मोजमाप आणि फोटो घेतात, आणि भूकंपाआधीच्या फोटोंशी संगणकावर ताडून त्याची मूळ जागा शोधतात. उभा भाग उतरवायचा असेल तर आधी दर्शनी बाजूवर शाईच्या रेघांची चौकट आखतात. परत रचताना रेघेला रेघ जुळली नाही, तर चिरा चुकीच्या जागी किंवा तिरका बसला असे समजायचे. फुटलेला चिरा जमेल तिथे सांधून पुन्हा वापरतात. नाहीच जमले तर त्याच जातीचा नवा घडवतात.

काँक्रीटचा तेन्शु जून २०२१ मध्ये लोकांसाठी उघडला. जुन्या लाकडी बांधकामांत टिकून राहिलेला उतो बुरूज मात्र दुरुस्तीसाठी सुटा केला आहे. सगळे काम संपायला २०५२ उजाडेल, असा तिथल्या महापालिकेचा अंदाज आहे. तोवर जाणाऱ्यांनी तेन्शुकडे धाव घेण्याआधी ३५० मीटर लांबीच्या, सुमारे सहा मीटर उंचीवरच्या तात्पुरत्या पुलावरून सावकाश चालावे. पडझड झालेला तट तिथून जवळून दिसतो. आणि आवारातल्या मोकळ्या जागांवर रांगेने मांडलेले नंबरी चिरे दिसले, तर त्यांचाही एक फोटो घ्यावा.

आपला,
किल्ल्यांच्या बांधकामाचा एक अभ्यासक, सातारा