लॅमिंग्टन रोडच्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

फोन करून आभार मानता आले असते, पण फोनवर तुम्ही "बोला, काय बिघडलंय?" याच्या पलीकडे काही ऐकून घेत नाही. म्हणून हे पत्र. उघडं लिहितेय, कारण मार्च जवळ आला की माझ्या सीएच्या धंद्यातले कितीतरी जण खांदा चोळत "हलका लॅपटॉप कोणता घेऊ?" हाच प्रश्न विचारत फिरतात.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी तुटलेलं बिजागर घेऊन तुमच्या लॅपटॉपच्या गाळ्यात आले होते. पंधरा इंची, सव्वादोन किलोचा लॅपटॉप. कंपनीचं नाव कशाला घ्या. डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडायची, सॅक पोटाशी धरायची, आणि एप्रिलमध्ये बँकांचं ब्रँच ऑडिट लागलं की तेच ओझं एसटीत. मी तणतणत म्हटलं, "दुरुस्ती राहू द्या काका, तुमच्याकडचा सगळ्यात हलका दाखवा."

तुम्ही काहीच दाखवलं नाहीत. पार्सलच्या वजनकाट्यावर माझी सॅक ठेवायला लावलीत. साडेपाच किलो! मग एकेक वस्तू बाहेर निघाली. विटेसारखा चार्जर, दोन फायली, डबा, बाटली, आणि फेब्रुवारीत छत्री. "ताई, लॅपटॉप किलोभर उतरवेल, चार्जर पाव किलो. छत्री तुम्ही उतरवा."

त्यानंतर अर्धा तास माझीच उलटतपासणी. मी मॅकबुक एअरचं नाव काढलं, १.२९ किलो, दिसायलाही देखणा. तुम्ही एवढंच विचारलंत, "टॅली कशावर चालवणार?" हिशेबाचं ते सॉफ्टवेअर विंडोजचं, मॅकवर थेट चालत नाही. डेलचा एक्सपीएस १३ काढला, तर म्हणालात, "डीएससीचं टोकन काढा बघू." क्लायंटच्या डिजिटल सहीचं ते जुन्या यूएसबीचं, पेनड्राइव्हसारखं टोकन, आणि त्या पिढीच्या एक्सपीएसला दोन्ही पोर्ट टाइप-सी. म्हणजे रिटर्न भरायच्या शेवटच्या रात्री सगळं घोडं एका जोडणीच्या तुकड्यावर अडणार, आणि तो तुकडा नेमका घरी राहिलेला असणार. माझा स्वभाव तुम्ही छत्रीवरूनच ओळखला असावा.

शेवटी टेबलावर दोन थिंकपॅड उरले, दोन्ही वापरलेले. एक टी४८०, २०१८ चा. रॅमच्या दोन जागा, म्हणजे ती नंतर वाढवता येते, नेटची वायर लावायचं लॅनचं पोर्ट, आतली एक बॅटरी आणि बाहेरची एक. बाहेरची मशीन चालू असताना बदलता येते. मोठी बॅटरी लावली की दिवसभराची ददात नाही, पण वजन पावणेदोन किलोच्या पुढे. दुसरा एक्स१ कार्बन, नववी पिढी, २०२१ चा. चौदा इंची, १.१३ किलोपासून पुढे. पडदा १६:१०, नेहमीपेक्षा जरा उंच, म्हणजे एक्सेलच्या चार ओळी जास्त दिसतात. हे ज्याला कळतं त्यालाच कळतं. दोन जुनी यूएसबी, दोन थंडरबोल्ट (टाइप-सीचेच, जास्त वेगाचे), एचडीएमआय. लॅन नाही. नंबरपॅड, म्हणजे उजवीकडचा आकड्यांच्या कळांचा गट, दोघांनाही नाही, आणि सीएला नंबरपॅड नसणं म्हणजे शिंप्याला अंगठा नसण्यासारखंच. कार्बनची बॅटरी ५७ वॉट-अवरची, आत, स्क्रू काढून बदलायची.

मी कार्बनकडे झुकले होते हे तुम्हाला दिसलं होतंच. विकणारा दुसरा कोणी असता तर तिथेच बिल फाडलं असतं. तुम्ही उलट त्याच्या उणिवा सांगायला बसलात. पातळ अंगात उष्णतेला बाहेर पडायला वाट कमी, त्यामुळे प्रोसेसर सुरुवातीला जोरात पळतो आणि मग दम खातो. मोठ्या शीटवर हे जाणवेल. कळा जरा उथळ लागतील. लष्करी चाचण्या झाल्यात म्हणतात, "पण त्यांच्या यादीत डोंबिवली लोकल नाही," म्हणून झाकणावर डबा ठेवायचा नाही. आणि मग ते वाक्य, जे मी आता सगळ्यांना ऐकवते: "नंतर बदलता येतं ते स्वस्तात घ्या. जे बदलता येत नाही त्यात कंजूषपणा नको." एसएसडी, म्हणजे फायली साठवायची डिस्क, बदलता येते, ती छोटी चालेल. नंबरपॅड, लॅनचा जोड बाहेरून लावता येतो. रॅम मात्र मदरबोर्डवरच सोल्डर केलेली. आठ जीबी घेतली की जन्माची आठ.

आणि तुमच्याकडच्या कार्बनला आठच होती. मी म्हटलं, चालेल, सात-आठ हजार वाचतील. तुम्ही पोऱ्याला हाक मारलीत आणि मला समोरच्या गाळ्यात पाठवलंत, तिथे सोळाचा होता. तुमचं एक गिऱ्हाईक तुम्ही स्वतः रस्ता ओलांडून दिलंत. मी तो घेऊन परत आले, तेव्हा तुम्ही चार्जिंगला ऐंशी टक्क्यांवर लगाम घालून दिलात, रात्रंदिवस शंभरवर ठेवून बॅटरी मारू नका म्हणालात, आणि एक रुपया घेतला नाहीत. जुन्या लॅपटॉपचं बिजागरही लावून दिलंत. तो आता ऑफिसात एका जागी बसतो, नंबरपॅडसकट.

त्या एप्रिलात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाखेत दुपारी वीज गेली. कर्जखात्यांची दीड लाख ओळींची शीट उघडी, आणि मॅनेजर माझ्याकडे बघतायत. फॉर्म्युला फिरायला वेळ लागला, हे खरं; मी चहा घेतला. पण शीट बंद पडली नाही. आठ जीबीवर काय झालं असतं ते घरच्या मशीनवर मी पाहिलेलं आहे. संध्याकाळी स्टँडपर्यंत दोन किलोमीटर चालत गेले, खांदा गप्प होता.

तक्रार एकच. लॅनचा जोड मी आतापर्यंत दोनदा हरवला. दोन्ही वेळा तुमच्याकडूनच नेला, म्हणजे गेलेल्या गिऱ्हाइकाची थोडी भरपाई झाली म्हणायची.

बॅटरी आता पूर्वीएवढी टिकत नाही. ती बदलायला फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येते. त्यानंतर जूनपर्यंत मी कोणाची नसते. काटा बाहेर काढून ठेवा. या वेळी छत्री नसेल.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
डोंबिवलीची सीए